एलायझा, ग्लोरिया आणि आईचा प्रश्न

तर झालं असं की, गेल्या दिवाळीत सांगलीला घरी गेलो असताना ऐन फराळाच्या वेळी मी सुतळी बॉम्ब लावला. म्हटलं, "आई, मी गेले पाच महिने थेरपिस्टकडे जातोय." बाबांची चकली हातातच राहिली. आई काहीच बोलली नाही. रात्री ओट्याजवळ मी भांडी पुसत उभा होतो, तेव्हा तिने हळूच विचारलं, "त्या बाई माझ्याबद्दल काय म्हणतात रे?"

मी हसण्यावारी नेलं. "अगं, तुझा विषयच निघत नाही," असं काहीतरी पुटपुटलो (जे खरं नव्हतं). पण पुण्याला परतताना बसमध्ये तोच प्रश्न डोक्यात घोळत राहिला. आईने तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. फ्रॉइड-बिइड तिने वाचलेला नाही. मग थेरपी म्हणजे आईवर खापर फोडणं, हे तिला सांगितलं कुणी?

मग विकांताला यादी करायला बसलो. रूममेटचा प्रश्न होता, "तिथे कोचावर आडवं करतात का रे?" टीममधल्या एकाचं म्हणणं, "मित्र काय मेलेत का? गप्पा मारायला पैसे कसले देतोस?" मामा म्हणाला, "तू काय वेडा आहेस का तिथे जायला? ही सगळी अमेरिकेची फॅडं." आणि सगळ्यात घातक गैरसमज खुद्द माझा होता. तो पुढे सांगतो.

आमच्या धंद्यात एक पद्धत आहे. जुन्या कोडमध्ये एखादी विचित्र ओळ दिसली की लगेच ती खोडायची नाही. आधी ती कुणी, कधी आणि का लिहिली ते बघायचं. बहुतेक वेळा असं निघतं की लिहिणारा मूर्ख नव्हता. तेव्हा त्या ओळीला कारण होतं. पुढे कारण गेलं आणि ओळ तशीच राहिली. म्हटलं, हीच पद्धत या गैरसमजांना लावून बघू. महिनाभर रात्री जागून वाचलं. त्यातून जे हाती लागलं ते असं.

पण त्याआधी माझं थोडं. दोनेक वर्षांपूर्वी एका मोठ्या रिलीजनंतर माझी झोप उडाली. पहाटे तीनला फोन वाजायचे, ते नंतर न वाजताही ऐकू यायला लागले. रविवारी संध्याकाळी पोटात गोळा. छातीत धडधडतं म्हणून ईसीजी काढला, तो अगदी व्यवस्थित. मग ऑफिसच्या मेलमधल्या नंबरावरून एका समुपदेशकांची वेळ मिळाली. माणूस सज्जन होता. पण पहिल्या वीस मिनिटांतच मला तीन सल्ले मिळाले : पहाटे उठा, मोबाईल कमी करा आणि लग्नाचं बघा, म्हणजे आपोआप सगळं ठीक होईल. मी तीनदा गेलो आणि सोडून दिलं. निष्कर्ष काढला की थेरपी आपल्याला लागू पडत नाही. या एका निष्कर्षावर मी पुढचे अकरा महिने काढले. त्यात एक सकाळ अशी होती की ऑफिसच्या पार्किंगमध्ये मी चाळीस मिनिटं गाडीत बसून होतो आणि वर जायला पाय उचलत नव्हता.

असो. आता इतिहास.

गोष्ट सुरू होते १८८० च्या डिसेंबरात, व्हिएन्नात. योझेफ ब्रॉयर या नावाजलेल्या डॉक्टरकडे एकवीस वर्षांची एक मुलगी उपचारासाठी आली. आजारी वडिलांची शुश्रूषा करता करता तिचे हातपाय लुळे पडू लागले होते, दृष्टीत बिघाड झाला होता आणि काही काळ तर ती मातृभाषा जर्मन विसरून फक्त इंग्रजी बोलायची. ब्रॉयर रोज तिचं बोलणं ऐकत बसे आणि एकेका लक्षणाचं मूळ सांगून झालं की ते लक्षण कमी होई. या प्रकाराला 'बोलण्याचा उपचार' हे नाव त्या मुलीनेच दिलं. गमतीत ती त्याला धुराडं साफ करणं असंही म्हणायची. म्हणजे या सगळ्या शास्त्राचं बारसं डॉक्टरने केलेलं नाही, रुग्णाने केलंय! १८९५ साली ब्रॉयर आणि फ्रॉइड यांनी मिळून पुस्तक लिहिलं, त्यात ती 'ॲना ओ' या टोपणनावाने आली. खरं नाव बेर्टा पापेनहाइम.

पुस्तकातला ग्रह असा होतो की बोलली आणि बरी झाली. पण १९७२ साली एलेनबर्गर नावाच्या संशोधकाने जुनी कागदपत्रं शोधून काढली. त्यांत दिसलं की ब्रॉयरचे उपचार संपल्यावर, १८८२ च्या जुलैमध्येच, तिला स्वित्झर्लंडमधल्या एका आरोग्यधामात दाखल करावं लागलं होतं. दुखण्यावर दिलेल्या मॉर्फिनची सवयही लागली होती. बरं व्हायला तिला पुढे काही वर्षं लागली. मग मात्र तिने फ्रँकफर्टमध्ये अनाथ मुली आणि फसवल्या गेलेल्या बायकांसाठी आयुष्य घातलं, १९०४ मध्ये जर्मनीतल्या ज्यू स्त्रियांची संघटना उभारली. १९५४ साली पश्चिम जर्मनीने तिचं टपाल तिकीट काढलं.

"मनातलं बोललं की झालं मोकळं" या समजुतीचं मूळ हे असं पहिल्याच केसमध्ये आहे. आणि समजूत अपुरी आहे हेही त्याच केसमध्ये आहे. माझ्या टीममधल्या मित्राचं अर्धं बरोबर आहे : बोलून हलकं वाटतं, आणि त्यासाठी मित्र उत्तम. पण हलकं वाटणं आणि बरं होणं यात फरक आहे. मित्राला आपली बाजू घ्यायची असते, पुढच्या शुक्रवारी पुन्हा भेटायचं असतं आणि मधूनच त्याला स्वतःच्या मॅनेजरबद्दलही सांगायचं असतं. थेरपीतला तास आपल्या एकट्याचा असतो, आणि समोरचा माणूस आपण मागच्या चार आठवड्यांत तीच पळवाट किती वेळा काढली ते लक्षात ठेवून असतो.

आता कोच. हा तर फारच मजेशीर प्रकार आहे. फ्रॉइड सुरुवातीला संमोहन वापरायचा, त्यासाठी रुग्णाला आडवं करावं लागे. १८९० च्या सुमारास एका कृतज्ञ बाईने त्याला कोच भेट दिला. पुढे संमोहन सुटलं, कोच राहिला (म्हटलं ना, कारण जातं आणि ओळ राहते). फ्रॉइड कोचाच्या मागे, रुग्णाला दिसणार नाही असा बसायचा. १९१३ च्या एका लेखात त्याने यामागचं एक कारण अगदी प्रांजळपणे सांगितलंय : दिवसाचे आठ तास लोकांनी आपल्याकडे टक लावून बघितलेलं त्याला सोसत नसे. आणि यावर शंभर वर्षं व्यंगचित्रं निघतायत! तो कोच १९३८ साली फ्रॉइडबरोबर लंडनला गेला आणि तिथे त्याच्या घराच्या संग्रहालयात आहे. माझ्या थेरपिस्टकडे वेताच्या दोन खुर्च्या आहेत. त्यातली एक करकरते.

मामाच्या 'अमेरिकन फॅडा'चं उत्तर मात्र मला अनपेक्षित जागी सापडलं : कलकत्त्यात. गिरींद्रशेखर बोस नावाच्या डॉक्टरांनी तिथे जवळजवळ स्वतःच्या बळावर मनोविश्लेषण सुरू केलं होतं. १९२१ साली त्यांचा दमनाच्या कल्पनेवरचा ग्रंथ आला, तो त्यांनी फ्रॉइडला पाठवला. १९२२ मध्ये पारसीबागान लेनमधल्या त्यांच्या घरी भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन झाली. दोघं आयुष्यात एकदाही भेटले नाहीत, पण पत्रव्यवहार बरीच वर्षं चालला आणि त्यात बोस काही हांजी हांजी करत नव्हते. ईडिपसबद्दल आपले रुग्ण वेगळं दाखवतात, असं त्यांनी सरळ कळवलं. फ्रॉइडच्या पंच्याहत्तरीला, १९३१ साली, या संस्थेने त्याला विष्णूची हस्तिदंती मूर्ती पाठवली आणि ती त्याच्या टेबलावर असे. म्हणजे आपल्याकडे हे शंभर वर्षं जुनं आहे. पानिपत आपल्याला तारखेसकट पाठ, हे मात्र शाळेत कुणी सांगितलं नाही.

मग 'वेडा' हा शिक्का कुठून आला? तो थेरपीतून आलेला नाही, कायद्यातून आणि भिंतींतून आला. इंग्रजांचा १९१२ चा 'लुनसी ॲक्ट' म्हणजे सरळ सरळ वेड्यांचा कायदा. त्याची मुख्य काळजी होती ती माणसाला कोंडायचं कधी आणि कुणाच्या हुकमाने. त्याच्या जागी १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा झाला, पण तो अमलात यायला १९९३ उजाडलं. बाबांच्या पिढीच्या निम्म्या आयुष्यात मन बिघडलेल्या माणसाला कायद्याच्या पुस्तकात 'लुनॅटिक' असाच शब्द होता. आपल्या विनोदांतही बघा, पुण्यात 'येरवडा', मुंबईकडे 'ठाणे', कोकणात 'रत्नागिरी' : गावाचं नाव घेतलं की माणसाची किंमत संपली. २०१७ च्या कायद्याने उपचार मिळणं हा रुग्णाचा हक्क म्हणून लिहिला. मामाचं ज्ञान जुन्या आवृत्तीवर अडकलंय, एवढंच.

आता आईचा प्रश्न. हा मी मुद्दाम मागे ठेवला होता.

मनोविश्लेषणाने बालपणाला महत्त्व दिलं इथवर ठीक होतं. पण विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत ही गाडी घसरली. १९४८ साली फ्रीडा फ्रॉम-राइशमन या नामवंत विदुषीने स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात 'आजार निर्माण करणारी आई' अशा अर्थाचा शब्द वापरला आणि तो पसरला. स्वमग्न मुलांच्या बाबतीत तर फारच वाईट झालं. लिओ कॅनरने १९४३ साली ऑटिझमचं पहिलं नीट वर्णन केलं, त्यात या मुलांचे आईबाप मायाळू दिसत नाहीत अशी नोंद होती. तिथून 'फ्रिजसारखी थंड आई' ही कल्पना रुजली. ब्रुनो बेटलहाइमच्या १९६७ च्या गाजलेल्या पुस्तकाने तिला आणखी हवा दिली. किती आयांनी रात्री उशीत तोंड खुपसून स्वतःला कोसलं असेल, कल्पना करवत नाही.

हे मोडून काढलं ते बर्नार्ड रिमलंडने. तो मानसशास्त्रज्ञ होता, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे एका स्वमग्न मुलाचा बाप होता. त्याने उपलब्ध सगळा पुरावा चाळला आणि १९६४ साली पुस्तक लिहून मांडलं की हा मेंदूच्या जडणघडणीतला फरक आहे, आईच्या वागण्याचा परिणाम नाही. १९६९ मध्ये खुद्द कॅनरने अशा पालकांच्या सभेत आईवडिलांना जाहीरपणे दोषमुक्त केलं. म्हणजे आईची भीती हवेतली नव्हती. काही दशकं आयांना खरोखरच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं गेलं होतं. कारण गेलं, पण सिनेमांतून, मालिकांतून, विनोदांतून ती ओळ सांगलीच्या ओट्यापर्यंत पोचली.

याच काळात दुसरीकडून हल्ला सुरू होता : हे सगळं चालतं तरी का? लंडनच्या हान्स आयसेंकने १९५२ साली एका लेखात आकडे मांडून म्हटलं, साधारण दोन तृतीयांश रुग्ण काहीही न करता दोन वर्षांत सुधारतात, मग थेरपीने मिळवलं काय? मोठा गदारोळ झाला. पण माझ्या मते या लेखाने क्षेत्रावर उपकारच केले, कारण आता पुरावा देणं भाग पडलं. अ‍ॅरन बेक हा फिलाडेल्फियातला मनोविश्लेषक फ्रॉइडची कल्पना सिद्ध करायला निघाला होता, की नैराश्य म्हणजे स्वतःकडे वळलेला राग. त्याने रुग्णांची स्वप्नं तपासली, तर तिथे राग दिसेना, 'मी हरलो, मी नालायक' हेच दिसे. पुरावा उलटा पडल्यावर बेकने सिद्धांत बदलला. क्षणात येऊन जाणारे हे विचार पकडून तपासायची पद्धत, म्हणजे आजची सीबीटी, त्यातून आली. न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिसने १९५५ पासून त्याच दिशेने विवेकनिष्ठ थेरपी चालवली होती. (अंजली जोशींची 'मी अल्बर्ट एलिस' ही कादंबरी मराठीत आहे, त्यामुळे हा गडी आपल्यापैकी अनेकांना माहीत असेल.) या पद्धतींत बालपण बंदी नाही, पण मुख्य प्रश्न असतो : आत्ता, या आठवड्यात, काय घडतंय?

आयसेंकला खरं उत्तर मिळालं १९७७ मध्ये. जीन ग्लास हा संख्याशास्त्राचा माणूस स्वतः थेरपी घेऊन गेलेला आणि आयसेंकवर चिडलेला. त्याने आणि मेरी स्मिथने ३७५ अभ्यासांचे निकाल एकत्र करून गणित मांडलं. थेरपी घेतलेला सरासरी माणूस न घेतलेल्यांपैकी ७५ टक्के लोकांपेक्षा बऱ्या स्थितीत निघाला. अनेक अभ्यास एकत्र करायच्या या तंत्राला ग्लासने जे नाव दिलं, 'मेटा-ॲनालिसिस', ते आज औषधांपासून शेतीपर्यंत सगळीकडे वापरतात. माणूस चिडला तर असा चिडावा :)

पण त्या गणितात आणखी एक चमत्कारिक गोष्ट होती. वेगवेगळ्या पद्धतींमध्ये फारसा फरक दिसत नव्हता. ही शंका सोल रोझेन्झ्वाइगने १९३६ सालीच मांडली होती आणि त्यासाठी 'ॲलिस'च्या गोष्टीतल्या, शर्यतीत सगळ्यांनाच विजयी ठरवणाऱ्या डोडो पक्ष्याचा दाखला दिला होता. हा वाद अजून मिटलेला नाही. काही त्रासांना ठरावीक पद्धतच लागते : मंत्रचळासाठी, म्हणजे ओसीडीसाठी, भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरं जाण्याचा उपचार. पण एकूणात पद्धतीचं नाव हे सर्वस्व नाही, हे खरं. मग सर्वस्व काय? इथे आमच्या क्षेत्रातली एलायझा मदतीला येते.

कार्ल रॉजर्सने थेरपीच्या बंद खोलीत ध्वनिमुद्रण नेलं आणि १९४२ साली एक संपूर्ण केस शब्द न् शब्द छापली. तोवर थेरपिस्ट आत काय करतो हे तो स्वतः सांगेल तेवढंच जगाला कळे. रॉजर्स 'रुग्ण' म्हणत नसे, 'क्लायंट' म्हणे, सल्ला देत नसे, आणि समोरच्याचं म्हणणं त्यालाच नीट दाखवत असे. १९६६ साली एमआयटीच्या जोसेफ वायझेनबाउमने नेमकी हीच शैली उचलून एक प्रोग्राम लिहिला. नाव एलायझा, म्हणजे शॉच्या 'पिग्मॅलियन'मधली ती फुलवाली, जिच्यावरून पुलंनी आपली 'ती फुलराणी' केली आणि १९७५ साली भक्ती बर्वेंनी ती अजरामर केली. या एलायझाची युक्ती साधी. वाक्यातला शब्द पकडायचा आणि वाक्य उलटवून परत द्यायचं. तुम्ही 'आई' लिहिलंत की ती म्हणणार, तुमच्या घरच्यांबद्दल अजून सांगा. (पुन्हा आईच!) आत समज शून्य, नुसते नियम.

आणि तरी लोक गुंतले. वायझेनबाउमच्या सेक्रेटरीला प्रोग्राम कसा बनलाय हे डोळ्यांसमोर दिसलं होतं, पण काही वाक्यं टाईप केल्यावर तिने त्याला खोलीतून बाहेर जायला सांगितलं. तो हादरला. काही मानसोपचारतज्ज्ञ यातून स्वयंचलित थेरपीची स्वप्नं रंगवू लागले तेव्हा तर तो वैतागलाच आणि १९७६ साली त्याविरुद्ध पुस्तक लिहिलं. रात्री दोन वाजता चॅटबॉटशी बोलणाऱ्या आपल्या पिढीने एलायझाची गोष्ट माहीत करून घ्यावी. ऐकलं जाण्याची भूक इतकी मोठी आहे की आरशालाही आपण माणूस समजतो. पण आरसा कधी म्हणत नाही, "थांब, मागच्या वेळी तू वेगळं सांगितलं होतंस."

आता ग्लोरिया. माझ्या अकरा महिन्यांचं उत्तर मला हिच्याकडे मिळालं.

१९६४ साली कॅलिफोर्नियात एव्हरेट शोस्ट्रॉम या मानसशास्त्रज्ञाने एक विलक्षण प्रयोग चित्रित केला. क्लायंट एकच : ग्लोरिया, तिशीतली घटस्फोटित आई. थेरपिस्ट तीन, तिघंही आपापल्या पंथाचे संस्थापक : रॉजर्स, गेस्टाल्टचा फ्रिट्झ पर्ल्स आणि अल्बर्ट एलिस. प्रत्येकाला सुमारे अर्धा तास. फिल्म १९६५ मध्ये आली आणि पुढे दशकानुदशकं ती दाखवून थेरपिस्ट घडवले गेले. ग्लोरियाचा प्रश्न अगदी खरा होता. नऊ वर्षांच्या मुलीने तिला विचारलं होतं की घटस्फोटानंतर तुझे कुणाशी संबंध आले का, आणि ती खोटं बोलली होती. आता ते तिला खात होतं.

रॉजर्सकडे तिने पुन्हा पुन्हा थेट उत्तर मागितलं, त्याने दिलं नाही, पण तो अढळपणे तिच्याबरोबर राहिला. पर्ल्सने तिला डिवचलं, तू ढोंग करतेयस असं तोंडावर सांगितलं, ती संतापली. एलिसने भराभर तर्क मांडले, तिच्यापेक्षा जास्त तोच बोलला. बाई तीच, दिवस तोच, पण तीन खोल्यांत तीन वेगळ्या ग्लोरिया दिसतात! पहिलीत हळवी, दुसरीत लढाऊ, तिसरीत थोडी गोंधळलेली.

शेवटी तिला विचारलं, आता कुणाकडे जावंसं वाटतं? ती म्हणाली पर्ल्स. पण गोष्ट तिथे संपत नाही. रॉजर्सने पुढे लिहून ठेवलंय की साधारण वर्षभराने ती त्याच्या एका शिबिरात आली, तेव्हा पर्ल्सच्या सांगण्यासारखं आपण वागलो याचाच तिला राग होता. रॉजर्स आणि त्याची बायको हेलन यांच्याशी मात्र तिचा पत्रव्यवहार मरेपर्यंत, सुमारे पंधरा वर्षं टिकला. त्या एका अर्ध्या तासातून!

हे वाचलं आणि मी खुर्चीतच मागे टेकलो. तिघंही दिग्गज होते, आणि तरी एकाच बाईला तिघंही सारखे लागू पडले नाहीत. मग माझ्या पहिल्या समुपदेशकांशी माझं जुळलं नाही यात माझ्या मनाचा दोष कुठून आला? कदाचित त्यांचाही नव्हता. एका चष्म्याने दिसलं नाही म्हणून मी स्वतःला आंधळा ठरवून मोकळा झालो होतो.

मग जुळतंय की नाही ते ओळखायचं कसं? एडवर्ड बॉर्डिन या मानसशास्त्रज्ञाने १९७९ साली याची फोड केली, आणि ती इतकी सुटसुटीत आहे की इंजिनियरला आवडावी. थेरपिस्ट आणि आपण यांच्यातलं नातं तीन गोष्टींवर उभं असतं : कुठे पोचायचंय यावर एकमत, तिथे जायला काय करायचं यावर एकमत, आणि दोघांमधला विश्वास. २०१८ मध्ये २९५ अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा, पद्धत कुठलीही असो, हे नातं जितकं घट्ट तितका निकाल चांगला असं दिसलं. परिणाम अवाढव्य नाही, पण पुन्हा पुन्हा दिसणारा आहे.

मी दुसऱ्या थेरपिस्टकडे गेलो तेव्हा हे काही माहीत नव्हतं. पार्किंगमधल्या त्या सकाळीनंतर बहिणीने नंबर दिला म्हणून गेलो. त्या बाईंनी सल्ला दिला नाही. विचारलं, "सहा महिन्यांनी तुमच्या आयुष्यात नेमकं काय वेगळं दिसायला हवं?" मी म्हटलं, "रविवारी संध्याकाळी जेवता यायला हवं." त्यांनी ते तसंच लिहून घेतलं. तिथून ठरलं, काय करायचं ते. तिसऱ्या सेशनला त्यांनीच विचारलं, "आपलं जमतंय का? नसेल तर सांगा, मी दुसरं नाव सुचवेन." मला वाटतं मी त्याच दिवशी खरं बोलायला सुरुवात केली.

तुमच्यापैकी कुणी शोधात असेल तर, माझ्या अनुभवातून आणि या वाचनातून थोडंसं. सायकिॲट्रिस्ट म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचारात तज्ज्ञ झालेला डॉक्टर, औषध तोच देऊ शकतो. आणि औषध लागणं म्हणजे पराभव नव्हे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिलकडे, १९९२ च्या कायद्याखाली असते, नोंदणी क्रमांक बिनदिक्कत विचारा. पाटीवर नुसतं 'समुपदेशक' असेल तर शिक्षण काय, अनुभव कसला, तुमच्या त्रासाचं काम आधी केलंय का, हे पहिल्या फोनवरच विचारा. फीसुद्धा (माझी महिन्याची फी बाईकच्या हप्त्याएवढी आहे, लपवण्यात अर्थ नाही). जो या प्रश्नांनी दुखावतो, तो आपला नव्हे. पहिल्या भेटीत जादूची अपेक्षा नको : १९८६ च्या एका प्रसिद्ध विश्लेषणात आठेक सेशन्सपर्यंत निम्म्या लोकांना मोजता येण्यासारखा फरक पडला होता आणि सव्वीसपर्यंत पाऊणांना. पण तीन-चार भेटींनंतरही बॉर्डिनच्या तीन गोष्टींपैकी एकही दिसत नसेल, तर तसं तोंडावर सांगा आणि बदला. माणूस बदला, मदत घेणं सोडू नका. मी नेमकं उलटं केलं होतं. आणि जगणंच नकोसं वाटत असेल तर शोधत बसायला वेळ नाही, सरकारची 'टेलि-मानस' सेवा १४४१६ वर चोवीस तास आहे, मराठीतही.

तर आईच्या प्रश्नाकडे. मागच्या रविवारी संध्याकाळी (जेवण झाल्यावर!) मी तिला फोन केला आणि हे सगळं सांगितलं, रिमलंड, कॅनर, फ्रिजसारखी आई, सगळं. ती ऐकत होती. मग मी म्हटलं, "आई, तेव्हा मी खोटं बोललो. तुझा विषय निघतो. पण त्या बाई तुझ्याबद्दल काही म्हणत नाहीत. मीच म्हणतो."

"काय म्हणतोस?"

"की मला काही जमलं नाही तर ते तुला सांगायची भीती वाटते. दहावीपासून."

पलीकडे बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. मला वाटलं फोन कट झाला. मग ती म्हणाली, "अरे, मला तरी कुठे सांगता येतं काही कुणाला." आणि थोड्या वेळाने, अगदी बाजारातून काय आणू विचारावं तशा आवाजात, "सांगलीत आहे का रे कुणी असं? तुझ्या त्या बाई नकोत. त्यांना आधीच तुझी बाजू कळलीय."

दीडशे वर्षांचा इतिहास वाचून मी जिथे पोचलो तिथे आई एका वाक्यात पोचली. सध्या सांगलीत तीन जणांना फोन करून झालेत. शिक्षण, नोंदणी, फी विचारलीय. चौथा प्रश्न ती स्वतः विचारणार आहे म्हणते.